मतमोजणीच्या दिवशी ८.२० ला टीव्हीवर आकडा येतो कुठून?

कोरा_कागद

कोण जिंकलं, का जिंकलं आणि कुणाचं नेमकं कुठे चुकलं यावर इथे आधीच चार धागे पेटलेत. ज्यांना भांडायचंय त्यांनी तिकडे जावं. हा धागा फक्त टीव्हीबद्दल आहे.

मोजणी आठला सुरू होते. आधी टपाली मतं, साडेआठपासून यंत्रं. हे दर निवडणुकीला सांगितलं जातं, आणि सांगणारे तेच निवेदक असतात जे आठ वाजून वीस मिनिटांनी ‘पहिला कल हाती आलाय’ म्हणून ओरडतात. परवा २३ नोव्हेंबर २०२४ ला, महाराष्ट्र विधानसभेच्या मोजणीला, मी रिमोट घेऊनच बसलो होतो. एका चॅनेलवर पुढे असलेला उमेदवार दुसऱ्यावर मागे, तिसऱ्यावर त्या मतदारसंघाचा पत्ताच नाही आणि निवडणूक आयोगाच्या साइटवर सगळं कोरं. पडद्यावर खाली पट्टी, डावीकडे पट्टी, उजवीकडे पक्षांचे खोके, वर फिरणारं घड्याळ. उरलेल्या तळहाताएवढ्या जागेत सहा तज्ज्ञ.

यंदा ते खपून गेलं. दहा-साडेदहापर्यंत चित्र इतकं एकतर्फी झालं (शेवटी महायुती २३० च्या घरात) की सकाळी कोण काय बोललं ते कुणी लक्षातही ठेवलं नाही. पण त्याच्या दीडच महिना आधी, ८ ऑक्टोबरला हरियाणात काय झालं? सकाळी काँग्रेस पुढे, दिल्लीत मुख्यालयात जिलब्या वाटून झाल्या, आणि मग सगळं फिरलं. शेवट भाजप ४८, काँग्रेस ३७. २०१५ साली बिहारला हेच, उलट्या दिशेनं. सकाळी भाजपच्या विजयाची कारणमीमांसा सुरू झाली होती आणि दुपारी तीच मंडळी त्याच खुर्चीत बसून पराभवाची कारणं देत होती. तितक्याच ठामपणे. ही एक कला आहे, ते मान्य करावं लागेल.

तर प्रश्न असा, की हे सकाळचे आकडे बनतात कसे? कुणी मोजणीच्या हॉलमध्ये बसलं असेल, बातमीदारी केली असेल तर लिहा. माझं मत आधीच नोंदवून ठेवतो: साडेनऊपर्यंत टीव्ही लावूच नये.

गंप्या

साडेनऊपर्यंत टीव्ही लावायचा नाही, मग त्या दिवशी रजा कशासाठी टाकायची?

लिंबूटिंबू

आमच्याकडे आवाज बंद करून बघतात. बाबांचा नियम आहे. आकडे बघायचे, माणसं ऐकायची नाहीत. पण एक प्रश्न. आयोगाच्या साइटवर काहीच नसताना चॅनेलवाल्यांकडे आधी कसं येतं? त्यांना आत सोडतात का?

तासिका_संपली

मी शिक्षिका आहे. लोकसभेला आणि विधानसभेला मोजणीच्या टेबलावर बसलेय, त्यामुळे टीव्हीवर त्या दिवशी काय चालतं ते मला तुमच्याकडूनच कळतं. आतलं सांगते.

पहाटे पाचला हजर. मोबाइल बाहेर जमा. कोणतं टेबल ते त्याच पहाटे कळतं, आधी कुणालाच माहीत नसतं. एका विधानसभा मतदारसंघाला साधारण चौदा टेबलं. प्रत्येकावर एक पर्यवेक्षक, एक सहायक, एक सूक्ष्म निरीक्षक. समोर जाळी आणि जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी, हातात वही-पेन. स्ट्राँगरूममधून मतदान केंद्र क्रमांक १ ते १४ ची कंट्रोल युनिटं (मतं साठवलेला यंत्राचा भाग) येतात, ती पहिली फेरी. मग १५ ते २८, ती दुसरी.

युनिट समोर आलं की लगेच बटण दाबत नाहीत. सील बघायचं, यंत्राचा क्रमांक बघायचा, मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षांनी १७-सी नमुन्यात लिहिलेली एकूण मतं जुळतात का बघायचं. मग रिझल्टचं बटण. यंत्र बीप-बीप करत एकेका उमेदवाराचा आकडा दाखवत जातं. पलीकडून गलका, ‘मॅडम, जरा इकडं वळवा, उजेड पडतोय.’ युनिट उचलून त्यांना दाखवायचं, आकडे लिहायचे, सह्या घ्यायच्या. चौदाही टेबलांचे कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे जातात. तिथे बेरीज, मग निरीक्षकांची पडताळणी, आणि त्यानंतर घोषणा. एका फेरीला वीस-पंचवीस मिनिटं कुठेच जात नाहीत. एखाद्या यंत्राचा डिस्प्ले रुसला तर ते बाजूला ठेवून पुढे जायचं.

म्हणजे साडेआठला सुरू केलं तर पहिल्या फेरीचा अधिकृत आकडा नऊच्या आसपास. आठ वीसला टपाली पाकिटं उघडायचंच काम चाललेलं असतं. जाहीरनामा तपास, सही तपास, मग आतलं पाकीट. ते तर यंत्रापेक्षा किचकट.

आता महत्त्वाचं. केंद्रांचे क्रमांक लॉटरीनं दिलेले नसतात. मतदारसंघाच्या एका टोकाकडून सुरू होऊन दुसऱ्या टोकाकडे जातात. पहिल्या पाच फेऱ्या म्हणजे मतदारसंघाचा एक कोपरा. त्या कोपऱ्यात ज्याचं वजन, तो पुढे दिसणार. जाळीपलीकडच्या माणसांना हे तोंडपाठ असतं. आपला उमेदवार सहा हजारांनी मागे असताना ती निवांत बसलेली मी पाहिलीयत, कारण त्यांच्या पट्ट्यातल्या पेट्या अजून फुटायच्या असतात. वहीत कोणत्या फेरीत कोणती गावं आहेत ते आदल्या रात्रीच लिहून आणलेलं असतं.

कोरा_कागद

बाई, दंडवत. म्हणजे टीव्हीवर ‘जोरदार मुसंडी’, ‘पिछाडी भरून काढली’ वगैरे जे चालतं, त्यात प्रत्यक्षात कुणी कसलीच मुसंडी मारलेली नसते. मतं तीन दिवस यंत्रात पडून आहेत. मोजणी फक्त दुसऱ्या गावात पोचली.

तासिका_संपली

अगदी. आणि मुसंडी मारणारा उमेदवार त्या वेळी बहुतेक घरी झोपलेला असतो.

मांजराकाठी

वरचं वाचून ४ जून डोळ्यांपुढं आला. आम्ही बीडचे. लोकसभेला आमच्याकडं सकाळी बसलेली माणसं रात्रीपर्यंत उठली नाहीत.

लोकसभेत आणखी एक भानगड असती. सहा विधानसभा मतदारसंघ, सहाची मोजणी वेगवेगळी चालती आणि सगळ्यांचा वेग सारखा नसतो. परळी आणि आष्टी पंकजाताईंकडं (मुंडे) झुकलेले, बीड आणि गेवराई बजरंगबप्पांकडं (सोनवणे). त्यामुळं एका ठिकाणची फेरी आधी लागली की लीड इकडं, दुसऱ्या ठिकाणची लागली की तिकडं. टीव्हीवर नुसतं नाव आणि बाण. कितव्या फेरीला, कुठल्या तालुक्यातनं, काही नाही. आमच्या गल्लीत एका पोरानं दाराच्या मागं खडूनं सहा रकाने पाडले होते. मोजणीच्या ठिकाणाहून कुणीतरी फोन करायचं, हा लिहायचा. पन्नास माणूस टीव्हीकडं पाठ करून दाराकडं बघत होतं. अंधार पडला तरी कुणाला गुलाल उधळायचा धीर होईना.

शेवटी फरक किती, तर ६,५५३. एवढ्या मोठ्या मतदारसंघात. मुंबई-दिल्लीच्या स्टुडिओत तवर देशाचं सरकार कसं बनणार ते ठरवून मोकळे झालते. आमचा निकाल पट्टीत सरकत गेला.

गंप्या

दाराचा फोटो आहे का?

मांजराकाठी

आईनं दुसऱ्या दिवशी पुसलं.

भर_दुपारी

लिंबूटिंबूच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण त्या पापात माझाही वाटा आहे. काही वर्षं तालुक्याचा स्ट्रिंगर, म्हणजे बातमीमागे पैसे मिळणारा बातमीदार, होतो. चॅनेलचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही.

पत्रकारांना हॉलमध्ये मोकळं फिरू देत नाहीत. वेगळा मीडिया कक्ष असतो, तिथे मोबाइल चालतो. अधूनमधून गटागटानं आत नेऊन आणतात. बाकी वेळ तुम्ही बाहेर. सव्वाआठला डेस्कवरून फोन: लीड कुणाचा? टपाली चालू आहेत, अजून काही नाही. ‘अरे दुसरीकडं लागलाय, आपल्याकडंच का नाही?’ मग तुम्ही शोधता. आतून एखादा प्रतिनिधी बाहेर आलेला असतो, तो म्हणतो, टपालीत आपण चाळीसनं पुढं. दुसऱ्या पक्षाचा येतो, तो म्हणतो आपण साठनं पुढं. तुम्ही त्यातल्या ज्याचा चेहरा जास्त खुललेला त्याचं सांगता. डेस्कवर कुणीतरी एक बटण दाबतं आणि तुमच्या मतदारसंघापुढे बाण येतो. हा तुमचा ८.२० चा आकडा. काही ठिकाणी एवढंही कष्ट घेत नाहीत, गेल्या वेळी जिंकला त्याला पुढे दाखवून मोकळे होतात असं आमच्यात बोललं जायचं.

घाई कशासाठी? चॅनेलच्या खोक्यात दोन आकडे असतात. एक कोण किती जागांवर पुढे. दुसरा, एकूण किती जागांचे कल आले. शर्यत ह्या दुसऱ्याची आहे. २८८ पैकी आपले नव्वद आणि शेजाऱ्याचे दीडशे झाले की संपादकाचा रक्तदाब वाढतो. चुकीचा बाण अर्ध्या तासात आपोआप दुरुस्त होतो, कुणी विचारायला येत नाही. उशीर झाला तर लगेच फोन येतो.

पण कोरा_कागद यांनी सरसकट झोडपलंय ते मला पटलेलं नाही. एकदा फेऱ्या सुरू झाल्या की खेळ बदलतो. फेरी जाहीर झाली, फळ्यावर लागली की स्ट्रिंगर ती फोनवर वाचून दाखवतो. तीच फेरी आयोगाच्या साइटवर चढायला सह्या, नोंद, तपासणी सगळं पार करावं लागतं. त्यामुळे दहा-साडेदहानंतर टीव्ही साइटच्या एक-दोन फेऱ्या पुढे असतो आणि बऱ्यापैकी बरोबर असतो. ते काम तालुक्यातली पोरं उन्हातान्हात, बातमीमागे मिळणाऱ्या चिल्लरीवर करतात. सूट घातलेला निवेदक ते ‘आमच्या सूत्रांनुसार’ म्हणून सांगतो. ते सूत्र म्हणजे फळ्यासमोर उभा मी.

लिंबूटिंबू

बापरे. म्हणजे टपाली मतांचं काही महत्त्वच नाही?

भर_दुपारी

असं म्हणू नका. याच वर्षी लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिमला काय झालं आठवा. यंत्रांची सगळी मोजणी संपल्यावर अमोल कीर्तिकर एका मतानं पुढे होते. साडेचार-साडेचार लाख मतांत एका मतानं. टपाली मिळवल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी. तिथे बाद ठरवलेल्या टपाली मतपत्रिका पुन्हा तपासायला लागल्या. सकाळी ज्यांना आपण हसलो तीच पाकिटं रात्री निकाल देऊन गेली.

निवांत

अशी जुनी उदाहरणंही आहेत. लोकसभेची जागा ९ मतांनी दोनदा गेलीय, १९८९ ला आंध्रात अनकापल्लीला आणि १९९८ ला तेव्हाच्या बिहारमधल्या राजमहलला. राजस्थानात २००८ ला सी. पी. जोशी एका मतानं पडले, मुख्यमंत्रिपदासाठी नाव चर्चेत असताना. परवाच्या विधानसभेत मालेगाव मध्य १६२, साकोली २०८, बेलापूर ३७७. या जागांवर चॅनेलवाले दिवसभर जे काही ‘आघाडी’, ‘पिछाडी’ दाखवत होते त्याला काय अर्थ होता ते तुम्हीच ठरवा.

थेम्सकाठी

इथे ब्रिटनमध्ये हा प्रकार वेगळा आहे म्हणून लिहितो. मतदान रात्री दहाला संपतं. दहाचा टोला पडला की तीन मोठ्या वाहिन्यांनी मिळून केलेला एकच एक्झिट पोल जाहीर होतो. ४ जुलै २०२४ ला त्यांनी मजूर पक्षाला ४१० जागा दिल्या होत्या, प्रत्यक्षात एक-दोनचाच फरक पडला.

पण मला सांगायचंय ते पुढचं. इथे फेरीनिहाय आघाडी हा प्रकारच नाही. मतपत्रिका हातानं मोजतात, मध्ये काही जाहीर करत नाहीत, थेट पूर्ण निकाल. तोपर्यंत टीव्हीवाल्यांना काय दाखवायचं हा मोठाच प्रश्न असतो. मग संडरलंडच्या बाजूचे मतदारसंघ पहिला निकाल कोण लावतो यासाठी चढाओढ करतात आणि कॅमेरे तिकडे. पहिला निकाल सव्वाअकराच्या सुमाराला. बाकी रात्रभर एकेक येत राहतो. निकाल वाचताना जिंकलेले-हरलेले सगळे उमेदवार एकाच मंचावर रांगेत उभे. सुनक यांच्या मतदारसंघात डोक्यावर कचऱ्याच्या डब्यासारखं शिरस्त्राण घातलेला एक उमेदवार त्याच मंचावर होता आणि पंतप्रधानांना गंभीर चेहरा ठेवावा लागला. मला तो प्रसंग फार आवडतो. आपल्याकडे हरलेला उमेदवार दुपारीच ‘नॉट रिचेबल’ असतो.

गंप्या

मांजराकाठी आणि थेम्सकाठी एकाच धाग्यावर. मुळा-मुठावाले कुठे तोंड लपवून बसलेत?

निवांत

मी मिसिसिपीकाठी काही वर्षं काढलीत, तेवढ्या भांडवलावर लिहितो. अमेरिकेत निकाल जाहीर करायला आयोगासारखी एक संस्थाच नाही. त्या रात्री कोण जिंकलं हे वाहिन्या आणि असोसिएटेड प्रेस गणित करून सांगतात. २००० साली फ्लोरिडा आधी गोर यांना दिलं, मग मागे घेतलं, पहाटे बुश यांना दिलं, तेही मागे घेतलं. शेवटी महिन्याभरानं फरक ५३७ मतांचा. तेव्हा आपल्या पट्टीवाल्यांना एवढंही बोलू नका.

शंकासुर

एवढं सगळं बोलताय, यंत्रांवर कुणीच बोलत नाही हे आश्चर्यच आहे. व्हीव्हीपॅटच्या सगळ्या चिठ्ठ्या का मोजत नाहीत?

तासिका_संपली

नियम सांगते आणि थांबते. प्रत्येक विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रं चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या यंत्राशी जुळवतात. २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं एकाची पाच केली. हे शेवटी होतं, आणि वेळखाऊ असतं. टीव्हीवर ‘विजयी’ दिसल्यानंतरही आम्ही आत चिठ्ठ्यांचे गठ्ठे मोजत बसलेलो असतो. उशिरा घरी येणारे कर्मचारी म्हणून बायको-नवऱ्यांची बोलणी खाणारे ते आम्हीच.

व्यवस्थापक

यंत्रांवर स्वतंत्र धागा आहे. इथे पुढे नको. या विषयावरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

जुनाट

मंडळींनी सध्याचं लिहिलं, मी थोडं मागचं लिहितो.

१९७७ ला आमच्याकडे दूरदर्शन नव्हतं. रायबरेलीत इंदिरा गांधी ५५,२०२ मतांनी पडल्या, ते आम्ही रेडिओवर ऐकलं. शहरात वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांबाहेर फळे लावत, त्यावर खडूनं आकडे बदलत आणि रस्ता भरून माणसं उभी असत. (मांजराकाठींच्या दाराची परंपरा जुनी आहे.) १९८४ च्या डिसेंबरात दूरदर्शनवर प्रणय रॉय आणि विनोद दुआ आले आणि पहिल्यांदा कळलं की निवडणुकीत टक्केवारी, स्विंग असलं काही असतं. विरोधी मतं किती फुटली याचा एक निर्देशांकच ते सांगत. आमच्या सोसायटीतल्या एका कारकुनांनी तो वहीत उतरवून घेतला होता आणि १९८९ पर्यंत लोकांना ऐकवला. मोजणी दोन-दोन दिवस चाले. दोन निकालांच्या मध्ये दूरदर्शन हिंदी चित्रपट लावी. घरातल्या ज्यांना राजकारणाशी देणंघेणं नव्हतं, ते चित्रपटासाठी बसत आणि निकाल आला की पाय मोकळे करायला उठत. आमच्या घरात तरी राजकारण आणि करमणूक यांची वाटणी अशी स्वच्छ होती.

बाईंनी केंद्राच्या क्रमाबद्दल लिहिलं त्यात एक भर घालतो. मतपत्रिकांच्या काळात बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजणीला घेत. त्यामुळे पहिला गठ्ठा म्हणजे मतदारसंघाचा कोपरा नसे, त्यात सगळीकडची मतं असत. सुरुवातीचा कल तेव्हा बराच भरवशाचा. शिवाय कोणत्या गावानं कुणाला मत दिलं ते कळत नसे. आता केंद्रागणिक आकडा उघड होतो. गावात सहाशे मतं, त्यातली साडेपाचशे ‘आपल्याला’, मग उरलेल्या पन्नासांचा शोध सुरू. निवडणूक आयोगानं अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणारं टोटलायझर सुचवून कैक वर्षं झाली. ते आलेलं नाही.

मांजराकाठी

काका, त्या पन्नासांचा शोध आमच्याकडं दुपारी चारलाच सुरू होतो. नळाचं पाणी कुणाच्या गल्लीला उशिरा सुटलं त्यावरनं निकाल कळतो.

कोरा_कागद

जुनाट काका, मिसळण्याचं हे ठाऊक नव्हतं. बहुतेक २००४ नंतर हे मिसळणं गेलंच, कारण ती पहिली लोकसभा जिच्यात देशभर यंत्रं होती. गंमत म्हणजे ती माझ्या आठवणीतली टीव्हीची सगळ्यात मोठी फजिती. एक्झिट पोलवाले एनडीएला बहुमताच्या आसपास ठेवत होते आणि १३ मे ला काँग्रेस १४५, भाजप १३८. उत्तर मुंबईत गोविंदा आला आणि राम नाईक पडले, ४८ हजारांनी. त्या दिवशी स्टुडिओत सकाळी लावलेली सजावट संध्याकाळपर्यंत बिचारी तशीच होती.

यंदा जूनमध्ये एका सर्वेक्षण संस्थेच्या प्रमुखांना स्टुडिओत रडू कोसळलं. १ जूनच्या संध्याकाळी एनडीएला साडेतीनशे-चारशेच्या गप्पा होत्या आणि एनडीए २९३ वर थांबली, एकटा भाजप २४० वर. मला त्या माणसाची दया आली, खरं सांगतो. आकडा चुकला म्हणून रडणारा तो एकटाच. ज्यांनी त्याच्या आकड्यावर तीन दिवस कार्यक्रम केले ते पुढच्या ब्रेकला गेले.

गंप्या

सगळ्यांनी एक गोष्ट सोडलीत. २३ नोव्हेंबरला साडेदहाला निकाल कळला. मग रात्रीपर्यंत काय दाखवायचं? एका नेत्याच्या बंगल्याचं फाटक. फाटक उघडलं. गाडी आली. काच काळी. ‘गाडीत नेमकं कोण आहे हे अद्याप कळू शकलेलं नाही.’ गाडी गेली. फाटक बंद. पाऊण तास मी ते फाटक बघितलं. त्या फाटकाला रंग कधी दिला होता तेही सांगू शकेन.

भर_दुपारी

त्या फाटकासमोर उभा असणाऱ्यालाही लघुशंकेला जाता येत नाही, कारण तेवढ्यात गाडी यायची. अनुभवानं सांगतो.

लिंबूटिंबू

मग पुढच्या वेळी बघायचं काय? थोडक्यात सांगा ना कुणीतरी.

तासिका_संपली

आयोगाच्या निकालाच्या साइटवर मतदारसंघ उघडलात की कितवी फेरी झाली ते लिहिलेलं असतं, ९/२४ असं. आधी ते बघायचं, नंतर मतांचा फरक. चोवीसपैकी नऊ झाल्यात आणि फरक दोन हजार, तर काहीच झालेलं नाही. वीस झाल्यात आणि फरक तीस हजार, तर पुढचं बघायची गरज नाही. लोकसभेला तुमचे सहाही विधानसभा मतदारसंघ सारखे पुढे गेलेत का तेही बघायचं, बीडचं वर वाचलंतच. पट्टीतला पक्षांचा एकूण आकडा मी शेवटी बघेन, कारण त्यात दोनशे मतांचा लीड आणि वीस हजारांचा लीड एकाच खोक्यात एकेक म्हणून बसतात.

कोरा_कागद

हे ‘एकेक म्हणून बसतात’ फार नेमकं. माझं साडेनऊ मी साडेदहा करतो.

जुनाट

करा. पण साडेदहापर्यंत घरी थांबवणार कसं? आमच्याकडे दोन पिढ्या सातलाच समोर येऊन बसतात. त्यातल्या एकीला ऐकू येत नाही, दुसरीला वाचायचं नसतं. भांडण मात्र दोघींचं एकाच पक्षावरून.

थेम्सकाठी

आम्ही इथून रात्री साडेतीनला गजर लावून बसतो, तेव्हा तिकडे नऊ वाजलेले असतात. हिवाळ्यात बरं का, उन्हाळ्यात साडेचार. म्हणजे ८.२० चा गोंधळ आमच्या नशिबात आपोआपच टळतो.

गंप्या

परदेशस्थांचे फायदे.

मांजराकाठी

एक विचारायचं राहिलं. निकाल लागल्यावर आपल्या गावाच्या केंद्रावर कुणाला किती पडली ते बघायला मिळतं का? आमच्याकडं प्रतिनिधीच्या वहीवर सगळा कारभार आणि त्याची वही तो कुणाला देत नाही.

तासिका_संपली

मिळतं. फॉर्म २० म्हणतात त्याला, त्यात मतदान केंद्रानुसार सगळ्या उमेदवारांची मतं असतात, नोटासकट. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर लावतात. लगेच नसतं, थोडे दिवस जातात. पीडीएफ असते, बऱ्याचदा स्कॅन केलेली आणि तिरकी. तुमचा केंद्र क्रमांक मतदार यादीत बघून ठेवा, म्हणजे शोधायला सोपं.

मांजराकाठी

लई आभार. वहीवाल्याला आधी दाखवतो.